शब्द सोड, रिफ ऐक

‘शब्द सोड रे, रिफ ऐक.’

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होस्टेलमधल्या एका सिनिअरने मला हे सांगितलं. त्याच्या हार्ड डिस्कवरून चाळीसेक जीबी मेटल माझ्या लॅपटॉपवर आलं होतं आणि त्यातलं पहिलं फोल्डर स्लेयरचं होतं. पुढे मी सिनिअर झालो तेव्हा हेच वाक्य मी ज्युनिअर पोरांना ऐकवलं. मिटक्या मारत ऐकवलं. आज मला ते परत घ्यायचंय. कारण ते नुसतं चुकीचं नाही. ते त्या बँडचा अपमान करतं, आणि गाणं ज्यांच्या मरणावर आहे त्यांचा तर करतंच.

गोष्ट ‘रेन इन ब्लड’ची आहे. स्लेयरचा तिसरा अल्बम, ऑक्टोबर १९८६. दहा गाणी, सगळी मिळून साधारण २९ मिनिटं. थ्रॅश मेटल म्हणजे काय असं कुणी विचारलं की आजही लोक हाच अल्बम पुढे करतात, आणि बरोबर करतात.

आधी संगीताबद्दल बोलू, कारण तिथे माझं भांडण नाही. याच्या आधीचा ‘हेल अवेट्स’ ऐका. सगळं विहिरीतून आल्यासारखं वाटतं, आवाजाला इतका घुमारा आहे. ‘रेन इन ब्लड’ला निर्माता होता रिक रूबिन. तो तोवर हिप-हॉप करत होता, त्याची डेफ जॅम ही कंपनीही हिप-हॉपचीच. त्याने तो घुमारा काढून टाकला. ड्रम कोरडे, गिटार कोरडी, आवाज थेट कानाशी. या वेगात वाजवताना घुमारा असला तर चुका लपतात. इथे लपायला जागाच नाही. डेव्ह लोम्बार्डोचा प्रत्येक ठोका मोजता येतो. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: या अल्बममध्ये डेड कोड नाही. एखादी ओळ उडवून बघा, पुढचं कोसळतं.

पहिलंच गाणं ‘एंजल ऑफ डेथ’. जेमतेम पाच मिनिटांचं, तरी अल्बममधलं सगळ्यात लांब. सुरुवातीची रिफ सुसाट सुटते, त्यावर टॉम अरायाची ती किंकाळी. मग मध्येच गाणं वेग अर्ध्यावर आणतं आणि एक जड, डुलणारी रिफ सुरू होते. ही रिफ इतकी पक्की आहे की दोन वर्षांनी पब्लिक एनिमीने ती आपल्या रॅपमध्ये सॅम्पल केली. मग केरी किंग आणि जेफ हॅनमन यांचे सोलो, सुराशी फारसं देणंघेणं नसलेले, एकमेकांवर ओरडणारे. आणि मग सगळे थांबतात आणि लोम्बार्डो एकटा दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो. काही सेकंदच. होस्टेलमध्ये या जागेला आम्ही सगळे मांडीवर हात आपटायचो.

त्या गाण्याचा पहिला शब्द एका जागेचं नाव आहे. ऑशविट्झ. आम्ही तो शब्द अरायाबरोबर ओरडायचो. ती जागा नेमकी कुठे आहे, हे खोलीतल्या सहा जणांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. जर्मनीत, असं मी म्हणालो असतो. ती पोलंडमध्ये आहे.

हे माझ्या लक्षात आलं ते आईमुळे. कोविडच्या काळात कंपनीने घरून काम करायला सांगितलं आणि मी तालुक्याच्या गावी घरी आलो. आई तिथल्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स. त्या दिवसांत ती ड्युटीवरून आली की आधी अंघोळ, कपडे गरम पाण्यात, मग चहा. एकदा हेडफोनची पिन नीट बसली नव्हती आणि लॅपटॉपमधून हे गाणं घरभर वाजलं. मी बंद करायला धावलो. ती म्हणाली, “राहू दे. पण एवढा कशासाठी ओरडतोय रे तो?”

मी सांगायला लागलो. एक डॉक्टर होता, नाझी छावणीत. कैद्यांवर प्रयोग करायचा. मुलांवर, जुळ्यांवर. भूल न देता कापायचा. गाणं त्याच्यावर आहे.

मराठीत सांगताना माझा आवाज उतरत गेला. इंग्रजीत जे ‘ब्रूटल’ होतं ते मराठीत नुसतं ‘भूल न देता कापायचा’ होतं. आईने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “प्रयोग म्हणजे नोंदी असणार. केसपेपर कोण लिहायचं?”

मला माहीत नव्हतं. आठ वर्षं मी त्या गाण्याचा फॅन होतो आणि एका नर्सने विचारलेला पहिलाच साधा प्रश्न मला सुटला नाही. मग मी वाचायला लागलो.

डॉक्टरचं नाव योसेफ मेंगेले. दोन डॉक्टरेट, एक मानववंशशास्त्रात आणि एक वैद्यकात. मे १९४३ मध्ये तो ऑशविट्झला रुजू झाला. त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातले सुमारे १० लाख ज्यू. मेंगेले तिथून बर्लिनच्या एका नामांकित संशोधन संस्थेला नमुने पाठवायचा, कारण त्याचे गुरू तिथे संचालक होते. आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर: त्याच्या कामाचा मोठा भाग कैदी असलेल्या डॉक्टरांकडूनच करून घेतला जायचा. मिक्लोश निस्ली नावाचे हंगेरियन ज्यू डॉक्टर त्याच्यासाठी शवविच्छेदन करायचे. ते जगले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मेंगेले मात्र कधीच सापडला नाही. १९४९ मध्ये अर्जेंटिनाला पळाला, पुढे पॅराग्वे, मग ब्राझील. १९७९ मध्ये समुद्रात पोहताना मेला. खोट्या नावाने पुरलेली त्याची हाडं १९८५ मध्ये उकरून ओळखली गेली. म्हणजे अल्बम येण्याच्या आदल्याच वर्षी.

आता गाण्याचे शब्द परत बघू. ते हॅनमनने लिहिले, मेंगेलेवरची पुस्तकं वाचून. गाणं आलं तेव्हा बँडवर नाझीप्रेमाचा आरोप झाला. कोलंबिया या बड्या कंपनीने अल्बम बाजारात आणायला नकार दिला, शेवटी गेफनने तो विकला. फॅन लोकांचा बचाव ठरलेला असतो: अराया चिलीत जन्मलेला, लोम्बार्डो क्युबात, रूबिन ज्यू घरातला, मग हे नाझी कसे? खरंय. हे नाझी नाहीत, आणि हे गाणंही नाझी नाही. पण हे एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. बँड कोण आहे हे मी विचारत नाहीये. गाणं काय करतं, हे विचारतोय.

गाणं एक विलक्षण गोष्ट करतं. ते एका जागी उभं राहत नाही. कुठे बाहेरून वर्णन चालू असतं. मध्येच ते ‘तू’वर येतं आणि सुरी ऐकणाऱ्याच्या अंगात शिरते. पुढच्याच ओळीत आवाज डॉक्टरचा होतो, बांधून ठेवलेल्या माणसाला कमी प्रतीचा ठरवणारा. टेबलावर पडलेला आणि टेबलाशी उभा असलेला, दोघांच्याही जागी गाणं तुम्हाला काही क्षण बसवतं. संगीतही तेच करतं. ती जड रिफ सुरू होते तेव्हा गाणं प्रयोगांची यादी देत असतं, एकामागून एक, एकाच लयीत, एखाद्या रजिस्टरसारखी. डोकं आपोआप हलायला लागतं. आणि आपण कशावर डोकं हलवतोय हे ज्याला कळलं, त्याला तिथे थांबावंसं वाटलं पाहिजे. गाण्याची खरी ताकद तिथे आहे. म्हणूनच ‘शब्द सोड, रिफ ऐक’ हे मूर्ख वाक्य आहे. शब्द सोडले तर त्या रिफचं काम उरतच नाही. उरतो तो जिममधला व्यायाम.

हॅनमनचं म्हणणं असं होतं की मेंगेले वाईट होता हे गाण्यात सांगायची गरज नाही, ते उघडच आहे. लॉस एंजेलिसजवळ वाढलेल्या, बाप दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या मुलाला ते उघड होतं. मान्य. पण आपल्याकडे?

आपल्याकडे शाळेतल्या प्रत्येक कडक सरांचं टोपणनाव ‘हिटलर’ असतं आणि ते प्रेमाने ठेवलेलं असतं. ‘माईन काम्फ’ मराठीत मिळतं, आणि फुटपाथवर ते श्रीमंत होण्याच्या आणि यशस्वी होण्याच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं दिसतं. ‘या देशाला एक हिटलर पाहिजे’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, बोलणारा बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस होता. दहावीच्या इतिहासानंतर आम्ही इंजिनिअर झालो आणि तो विषय आमच्यापुरता संपला. अशा ठिकाणी ‘ते उघडच आहे’ असं नसतं. जे गाणं ऐकणाऱ्याच्या माहितीवर उभं आहे, ते माहिती नसलेल्या खोलीत वाजलं की कोसळतं. आमच्या खोलीत ते कोसळलं होतं आणि आम्ही त्यावर मांड्या बडवत होतो.

हा दोष आमचा. पण स्लेयरला मी सगळा सोडणार नाही.

गाण्यात मेंगेलेला दूषणं नाहीत असं नाही. कसाई, निर्दयी, मृतांच्या राज्याचा राजा अशा अर्थाचे शब्द आहेत. अडचण अशी की मेटलमध्ये या शिव्या नसतात, या पदव्या असतात. कसाई, खाटीक, राजा, मृत्यू: बँडची नावं आणि टी-शर्टवरची अक्षरं याच शब्दांची बनतात. ज्या भाषेत निंदा आणि कौतुक एकाच शब्दांनी होतं, त्या भाषेत तुम्ही एका खऱ्या खुन्याची निंदा करायला गेलात तर ती टी-शर्टवर छापली जाते. बँडला हे कळत नव्हतं असं नाही. हॅनमन जर्मन पदकं जमवायचा. फॅन क्लबच्या नावात त्यांनी जर्मन सैन्याचं नाव गुंफलं होतं. हा द्वेष नव्हता, हा चळ होता. पण चळही फुकट नसतो.

दुसरा दोष क्रमाचा. ‘एंजल ऑफ डेथ’नंतर येतं ‘पीस बाय पीस’, देहाचे तुकडे करण्यावर. मग ‘नेक्रोफोबिक’, दोनेक मिनिटांत मरण्याच्या तऱ्हांची जंत्री. ‘ऑल्टर ऑफ सॅक्रिफाइस’मध्ये सैतानाला बळी. ‘रीबॉर्न’मध्ये जाळली जाणारी चेटकीण. संगीत सगळीकडे अव्वल, शब्द मात्र पोरकट, भुताच्या सिनेमातले. एरवी मला ते आवडतात, भुताचा सिनेमा कुणाला आवडत नाही? पण या रांगेत मेंगेले पहिला उभा आहे. सैतान खोटा, चेटकिणीचा सूड खोटा, आणि त्यांच्या जोडीला एक माणूस ज्याने खरोखर मुलं मारली. रांगेत उभं राहिल्यावर सगळेच राक्षस एका उंचीचे दिसतात. हा अल्बम प्रक्षोभक आहे ही माझी तक्रार नाही. त्याने खरं आणि खोटं एकाच काळ्या रंगात रंगवलं, ही आहे.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठी. गाण्यात डॉक्टरचं टोपणनाव आहे. मुलांपैकी एकाचंही नाव नाही.

म्हणून दोन नावं मी इथे लिहितो. इव्हा मोझेस आणि मिरियम मोझेस. रोमानियातल्या एका खेड्यातल्या जुळ्या बहिणी. १९४४ मध्ये ऑशविट्झला आणल्या गेल्या तेव्हा दहा वर्षांच्या. आई-वडील आणि दोन मोठ्या बहिणी परत आल्या नाहीत. या दोघी जुळ्या म्हणून मेंगेलेच्या हाती लागल्या आणि जगल्या. त्यांना कसली इंजेक्शनं दिली हे त्यांना कधीच कळलं नाही. मिरियमची मूत्रपिंडं पुढे वाढलीच नाहीत, लहान मुलीएवढीच राहिली, असं इव्हा सांगायची. १९८७ मध्ये इव्हाने तिला आपलं एक मूत्रपिंड दिलं. १९९३ मध्ये मिरियम गेली.

१९८७. ‘रेन इन ब्लड’ तेव्हा एक वर्षाचा होता. जगभरातल्या खोल्यांत पोरं डोकी हलवत होती आणि मेंगेलेचा तो प्रयोग एका बाईच्या शरीरात अजून चालू होता. आईने केसपेपरबद्दल विचारलं होतं. हा केसपेपर तेव्हा बंद झालेला नव्हता.

मग काय करायचं, अल्बमवर बंदी घालायची? अजिबात नाही. मी तो आजही ऐकतो, आणि त्याला नाकं मुरडणाऱ्या लोकांनी तो बहुतेक एकदाही ऐकलेला नसतो. बंदी मागणारा आणि ‘रिफ ऐक’ म्हणणारा, दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: शब्दांकडे बघायचं नाही. एक घाबरून बघत नाही, दुसरा आळसाने.

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका नव्या पोराने विचारलं, “दादा, थ्रॅश कुठून सुरू करू?” मी त्याला ‘रेन इन ब्लड’ पाठवला. सोबत लिहिलं: पहिलं गाणं झालं की पॉज कर. शब्द वाच. मग इव्हा मोझेस कोर हे नाव शोध, तिचे व्हिडिओ आहेत, एक तरी पूर्ण बघ. त्यानंतर दुसरं गाणं लाव.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: “व्हिडिओ बघितला. दुसरं अजून लावलं नाही.”

लावेल तो. लावायलाच हवं, पुढे अजून नऊ गाणी आहेत आणि शेवटचं ‘रेनिंग ब्लड’ चुकवण्यासारखं नाही. पण त्या दोन दिवसांत त्याने ते पहिलं गाणं जेवढं ऐकलं, तेवढं मी आठ वर्षांत ऐकलं नव्हतं.