स्मृतिभ्रंश, दयामरण आणि वैद्याचे कर्तव्य

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे नातेवाईक दवाखान्यात येतात ते बहुधा औषध मागण्यासाठी. काही जण मात्र दबक्या आवाजात सुटका मागतात. "आता देवानं यांना सोडवावं" हे वाक्य मराठवाड्यातील कोणत्याही वैद्यास अपरिचित नाही. धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावी मुले हैदराबाद किंवा पुण्यास नोकरीला असतात आणि घरी वृद्ध आईवडील एकमेकांस सांभाळतात. त्या दोघांपैकी एकाची स्मृती गेली की दुसऱ्याचे आयुष्यही थांबते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना हा विकार आहे. त्यामुळे दयामरणाचा प्रश्न आता केवळ मुंबई-दिल्लीच्या न्यायालयांचा राहिलेला नाही. त्याविषयी आपल्या व्यवसायाची भूमिका स्पष्ट असावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. या विषयाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर आयुष्यभर अंथरुणास खिळल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. मात्र त्याच निकालाने कठोर अटींवर निष्क्रिय दयामरणास, म्हणजे निरर्थक ठरलेले जीवरक्षक उपचार थांबविण्यास, प्रथमच मान्यता दिली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील सेवकवर्गास दिला आणि त्या सर्वांनी त्यांच्या जगण्याच्या बाजूने कौल दिला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अरुणाताईंना स्मृतिभ्रंश नव्हता. तथापि जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणी बोलावे, हा आपल्या रुग्णांचाच प्रश्न त्या खटल्यात उभा होता.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे सांगून आगाऊ वैद्यकीय निर्देशास, म्हणजेच लोकभाषेत 'लिव्हिंग विल'ला, मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ करण्यात आली. आता प्रौढ व सुबुद्ध व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेतल्यास पुरते. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या आप्तांची नावे द्यावी लागतात. निर्देश केव्हाही रद्द करता येतो. तो अमलात आणण्यापूर्वी रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ व नंतर दुसरे मंडळ यांची संमती आवश्यक असते.

सक्रिय दयामरण, म्हणजे औषध वा इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे, भारतात आजही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बुद्धिभ्रष्ट अवस्थेतील व्यक्तीने दिलेली संमती ही संमतीच मानलेली नाही. अशा व्यक्तीस आत्महत्येस साहाय्य करणाऱ्यास कलम १०७ नुसार मृत्युदंड किंवा जन्मठेपही होऊ शकते. "रुग्णाचीच इच्छा होती" हा बचाव येथे उपयोगी पडत नाही.

स्मृतिभ्रंशाची खरी अडचण मात्र कायद्याच्या या चौकटीत पूर्णपणे बसत नाही. न्यायालयासमोर होते ते प्रामुख्याने यंत्रावर असलेले रुग्ण. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण वर्षानुवर्षे यंत्राशिवाय जगतो, चालतो, जेवतो, कधी हसतोही. थांबवावा असा उपचारच त्याच्यावर चाललेला नसतो. दुसरे असे की, आपल्या परंपरेत स्वेच्छेने देह ठेवल्याची जी उदाहरणे दिली जातात, ती सर्व पूर्ण भानावर असलेल्या व्यक्तींची आहेत. १९६६ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आणि १९८२ साली पवनार येथे विनोबांनी अन्न व औषध नाकारले, ते जाणीवपूर्वक. जैन परंपरेतील सल्लेखनेचाही पाया जागृत विवेक हाच आहे. ज्याची धी, धृती व स्मृती ढळली आहे, त्याच्या नावाने ही उदाहरणे पुढे करणे आम्हांस अप्रस्तुत वाटते. त्याचे मरण हे त्याचे इच्छामरण नसते. ते इतरांच्या इच्छेने आलेले मरण असते.

नेदरलँड्समध्ये पूर्वी लिहून ठेवलेल्या इच्छेनुसार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास सक्रिय दयामरण देता येते. २०१६ साली तेथे ७४ वर्षांच्या एका स्त्रीस कॉफीतून गुंगीचे औषध देण्यात आले आणि इंजेक्शन देताना ती उठू लागली तेव्हा नातेवाइकांनी तिला धरून ठेवले. संबंधित डॉक्टर २०१९ साली निर्दोष सुटल्या आणि २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बेल्जियमचा कायदा मात्र अशी लेखी इच्छा केवळ कायमच्या बेशुद्धावस्थेतच ग्राह्य धरतो. पूर्वी लिहिणारी व्यक्ती खरी की आज हात झटकणारी, या प्रश्नाचे उत्तर कायद्याला देता आले असेल. वैद्यकाला ते समाधानकारकपणे देता आलेले नाही. या वाटेने आपल्या देशाने जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ शेवटपर्यंत नळ्या घालीत राहावे असाही नव्हे. चरकाचार्यांनी व्याधींचे साध्यासाध्यत्व सांगताना याप्य व प्रत्याख्येय असे भेद केले आणि असाध्याच्या मागे लागणाऱ्या वैद्यास सावध केले. वैद्यवृत्तींमध्ये मैत्री, कारुण्य व प्रीतीसोबत प्रकृतिस्थ प्राण्यांविषयीच्या उपेक्षेचाही समावेश केला. टीकाकारांनी तेथे मरणोन्मुख असा अर्थ घेतला आहे. ही उपेक्षा म्हणजे टाकून देणे नव्हे. निष्फळ चिकित्सेचा आग्रह सोडणे, एवढाच तिचा अर्थ आम्ही घेतो. आधुनिक वैद्यकही येथे जवळ आले आहे. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढत नाही, अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोकाही टळत नाही. म्हणून हाताने, सावकाश, रुग्ण घेईल तेवढेच भरवावे, अशी अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे.

मग आपण करावे काय? पहिले म्हणजे, विसरभोळेपणास लगेच स्मृतिभ्रंश म्हणू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, डोक्यास मार लागून साचलेले रक्त यांनीही अशीच लक्षणे दिसतात व त्यांवर उपचार आहेत. दुसरे, निदान पक्के झाले तरी सुरुवातीच्या काळात रुग्णाची निर्णयक्षमता बहुधा शिल्लक असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसारही केवळ आजार आहे म्हणून ती गेली असे मानता येत नाही. हाच काळ मोलाचा आहे. या काळात रुग्णाशी, मुलांच्या आडून नव्हे तर प्रत्यक्ष, बोलावे. अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसन, अन्ननलिका याविषयी त्याची इच्छा विचारावी व ती कायदेशीर रीतीने लिहून ठेवण्यास सुचवावे. त्या वेळी क्षमता शाबूत असल्याची तज्ज्ञाची नोंद सोबत ठेवल्यास पुढील वाद टळेल. हा निर्देश देशभर लागू असल्याने नांदेडप्रमाणेच निजामाबाद-हैदराबादला जाणाऱ्या आपल्या सीमाभागातील रुग्णांसही तो उपयोगी पडतो. साक्षीदार मात्र ज्यांचा मालमत्तेशी संबंध नाही असेच असावेत.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती आहे. "यांना शांत झोप लागेल असं काही द्या" ही मागणी घेऊन येणारा मुलगा दुष्ट नसतो; तो बहुधा कित्येक रात्री झोपलेला नसतो. तरीही चिठ्ठीशिवाय गुंगीचे औषध देऊ नये. वृद्धाच्या बाबतीत त्याचा शेवट पडण्यात, हाड मोडण्यात किंवा श्वास मंदावण्यात होऊ शकतो. गेलेली स्मृती परत आणण्याचा दावा करणारी मेध्य औषधेही त्या दाव्यासह विकू नयेत. त्या मुलास वैद्याकडे पाठवावे.

संघटनेने या निर्देशाचा मराठी नमुना तयार करून सभासदांना द्यावा. न्यायालयाच्या आदेशानुसार अशा निर्देशाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सुपूर्द करावयाची असते. आपापल्या नगरपरिषदेत हे काम कोणाकडे आहे याची चौकशी प्रत्येक तालुका शाखेने लेखी करावी. आणि रुग्णास दर महिन्याला तपासताना दोन प्रश्न सांभाळणाऱ्या सुनेस किंवा पत्नीसही विचारावेत. मृत्यूची मागणी पुष्कळदा रुग्णाची नसते, थकलेल्या घराची असते. त्या घराला विसावा मिळाला तर ती मागणी बहुधा आपोआप मागे पडते, असा आमचा विश्वास आहे.