खंदक आणि मोळी

पोलंडने मे २०२४ मध्ये रशिया व बेलारूसलगतच्या सीमेसाठी १० अब्ज झ्लॉटींची 'पूर्व ढाल' योजना जाहीर केली. रणगाडे रोखणारे खंदक हा तिचा एक भाग. मात्र, खंदकावरचा उताराही जुनाच आहे. २० नोव्हेंबर १९१७ रोजी फ्रान्समधील काँब्रे येथे ब्रिटिश रणगाड्यांनी फांद्यांच्या प्रचंड मोळ्या जर्मन खंदकांत टाकून ते ओलांडले. आज ब्रिटिश लष्कर प्लास्टिकच्या नळ्यांची मोळी वापरते. तथापि, ती टाकण्यासाठी वाहनाला खंदकाच्या काठापर्यंत यावेच लागते. सुरुंग पेरलेल्या, ड्रोनची नजर असलेल्या भूमीवर तोच क्षण घातक ठरतो. खंदकाचे बळ त्याच्या खोलीपेक्षा त्यावर रोखलेल्या माऱ्यात असते. पहाऱ्याविना खणलेला खंदक एका मोळीने बुजतो, हे सीमेवर अब्जावधी खर्च करणाऱ्यांनी विसरू नये.