तेर पाहायला संध्याकाळी जाऊ द्या

आमच्या मुरुडची मंडळी हंपी, जयपूर गाठतात. शेजारचं तेर मात्र एकादशीपुरतं. हेच प्राचीन तगर, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी ग्रंथात नोंदलेलं. लामतुरे संग्रहालय बघाच. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जणू बहीणच १९३८ साली इटलीत, पाँपेईत सापडली! विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावं, असं अभ्यासक मानतात.

खायचं म्हणाल, तर वाट वाकडी करून उजनीची बासुंदी. (साखर आहे त्यांनी बेतानं.) रात्रीची मजा? गोरोबाकाकांच्या देवळात भजन रंगलं की पबवाल्यांनी ऐकायला यावं.

माझं मागणं एवढंच : संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. दिवसभर सोयाबीनच्या रानात असलेला माणूस दुपारी कसा येणार?