राहून गेलं की वगळलं?

इंग्रजीतल्या 'लीव्ह आउट' या फ्रेझल व्हर्बला मराठीत एकच शब्द पुरत नाही. लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीत घाईघाईत मामूंचं नाव लिहायचं विसरलं, तर ते 'राहून गेलं'. ठरवून लिहिलं नाही, तर 'वगळलं'. मान त्यांचा असताना दुसऱ्याला पुढे केलं, तर 'डावललं'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'लेफ्ट आउट' चालून जातं. कोणी केलं, हे सांगावंही लागत नाही.

हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची अंतिम एनआरसी यादी जाहीर झाली. त्यात ३,११,२१,००४ नावं आली आणि १९,०६,६५७ माणसं बाहेर राहिली; हिंदूही, मुसलमानही. इंग्रजी निवेदनात आणि बातम्यांत त्यांच्यासाठी हेच क्रियापद होतं. कागद देऊनही ज्यांना नाकारलं गेलं ते, आणि ज्यांनी दावाच दाखल केला नाही ते, सगळे एकाच आकड्यात बसले. मराठीत हे एका क्रियापदात सांगता येत नाही, आणि ते बरंच आहे.

मी पोटापाण्यासाठी डेटाबेसवर काम करतो. तिथे 'इनर जॉइन' नावाचा प्रकार असतो. दोन तक्ते जुळवायचे. ज्या नोंदी दोन्हीकडे जुळत नाहीत, त्या निकालात येतच नाहीत. एररसुद्धा दिसत नाही. देवनागरीत 'शेख' एकच, रोमन लिपीत तो तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो. बापाच्या कागदावर एक स्पेलिंग आणि मुलाच्या कागदावर दुसरं असलं, की अक्षरन् अक्षर जुळवणारा प्रोग्राम दोघांना वेगळं समजतो. मग काउंटरवरचा माणूस म्हणतो, "सिस्टिममधून नाव राहिलंय." माझ्या मते हे राहणं नव्हे. जुळवणीचा नियम कोणीतरी लिहिलेला असतो, कोणीतरी मंजूर केलेला असतो.

मतदार यादीत तर हा फरक फॉर्मपर्यंत जातो. नाव राहून गेलं असेल तर फॉर्म ६ भरून ते घालता येतं. पण आधी असलेलं नाव काढलं गेलं असेल, तर नुसता फॉर्म ६ भरून घरी येऊ नका. पत्ता बदलला किंवा पात्रता नाही, या कारणांनी नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते, असं लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चं कलम २२ सांगतं. ती संधी कधी दिली, आदेश कोणाच्या सहीचा आहे, हे लेखी विचारा. अर्जात 'राहिलं' लिहू नका, 'वगळलं' लिहा.