विजेत्या मिशिगनपुढे नव्या उभारणीचे आव्हान

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा वसंतकालीन सराव २० एप्रिल २०२४ रोजी झालेल्या अंतर्गत सामन्याने संपला. त्यानंतर आठवडाभरातच डेट्रॉइट येथे झालेल्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडप्रक्रियेत याच संघाचे १३ खेळाडू निवडले गेले. विद्यापीठाच्या दृष्टीने हा विक्रम होय. मात्र ज्या खेळाडूंमुळे हा गौरव लाभला, ते त्यानंतर संघात राहिले नाहीत. त्यामुळे विजेतेपदाच्या आनंदाला उभारणीच्या चिंतेची किनार लाभली होती.

२०२३ च्या हंगामात मिशिगनने १५ पैकी १५ सामने जिंकले. ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टन येथील अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ३४-१३ असा पराभव केला आणि १९९७ नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्याच महिन्यात मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ एनएफएलमधील लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेले. बचावाचे प्रशिक्षक जेसी मिंटर आणि शारीरिक क्षमतेची जबाबदारी सांभाळणारे बेन हर्बर्ट यांनीही तोच मार्ग धरला. विद्यापीठाने आक्रमणाचे प्रशिक्षक शेरॉन मूर यांच्याकडे सूत्रे सोपवली. या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

मूर यांची पाटी कोरी नव्हती. हारबॉ निलंबित असताना २०२३ च्या हंगामात त्यांनी चार सामन्यांत संघाची धुरा सांभाळली आणि चारही जिंकले. पेन स्टेटविरुद्ध त्यांच्या संघाने सलग ३२ डाव चेंडू न फेकता केवळ धावून खेळले. समोरच्याला डावपेच ठाऊक असूनही तो रोखता येऊ नये, अशी ताकद त्या संघाच्या पुढच्या फळीत होती. २०२४ मधील खरी अडचण नेमकी तेथेच होती.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या पुढच्या फळीतील पाच धिप्पाड खेळाडू चेंडूला क्वचितच हात लावतात. क्वार्टरबॅकला विचार करण्यास उसंत मिळवून देणे आणि धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणे हे त्यांचे काम. मूर याच फळीचे प्रशिक्षक असताना २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षे तिला देशातील सर्वोत्तम फळीचा पुरस्कार मिळाला होता. अंतिम सामन्यात सुरुवातीपासून खेळलेले पाचही जण त्यानंतर गेले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून आलेला जोश प्रीब आणि मूळचे राखीव खेळाडू यांतून नवी फळी बांधली जात होती. तिला घडविण्याचे काम पूर्वी याच संघातून खेळलेले ग्रँट न्यूसम यांच्याकडे होते.

दुसरी उणीव क्वार्टरबॅकची. जे. जे. मॅकार्थी याने सुरुवातीपासून खेळलेल्या २८ सामन्यांपैकी २७ जिंकून दिले आणि मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले. त्याच्या जागेसाठी ॲलेक्स ओर्जी, डेव्हिस वॉरन, जेडन डेनेगल आणि जॅक टटल यांची नावे पुढे होती. ओर्जीची धाव दमदार होती. पण चेंडू फेकण्यातील त्याचे कौशल्य मोठ्या सामन्यात तोवर कसाला लागलेले नव्हते. सराव संपल्यावरही हा प्रश्न सुटलेला नव्हता. शिवाय २०२३ च्या हंगामात धावून २७ टचडाउन करणारा ब्लेक कोरम आणि रोमन विल्सन, कॉर्नेलियस जॉन्सन हे चेंडू झेलणारे प्रमुख खेळाडूही गेले होते. उरलेल्यांत टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड आणि अंतिम सामन्यात दोन टचडाउन करणारा डोनोव्हन एडवर्ड्स यांचाच मोठा आधार होता.

बचावाचे चित्र बरेच आश्वासक होते. २०२३ च्या हंगामात मिशिगनने प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी केवळ १०.४ गुण करू दिले. देशात ही कामगिरी सर्वोत्तम ठरली. त्या बचावाचा कणा असलेले मेसन ग्रॅहम व केनेथ ग्रँट कायम होते. मागच्या बाजूस विल जॉन्सन हा देशातील अव्वल कॉर्नरबॅकपैकी एक होता. नवे प्रशिक्षक डॉन मार्टिंडेल यांनी बाल्टिमोर रेव्हन्समध्ये जी पद्धत राबवली, तिच्याच मुशीतून मिंटर घडले होते. म्हणजे प्रशिक्षक बदलले, तरी खेळाडूंना सारेच नव्याने शिकावे लागणार नव्हते. अनुभवी सेफ्टी रॉड मूर याला सरावात झालेली गुडघ्याची गंभीर दुखापत हा मात्र मोठा फटका होता.

वसंत सरावाच्या निष्कर्षांना एक मर्यादा असते. नियमाने १५ सत्रे मिळतात आणि त्यांत संघ स्वतःशीच झुंजतो. बचावाने आक्रमणाला रोखले, तर बचाव बळकट म्हणायचा की आक्रमण दुबळे, हे ठरवणे कठीण असते. ग्रॅहम आणि ग्रँट रोज समोर असताना नव्या फळीचा कस लागत होता, हे खरे. पण त्यांच्यापुढे ती अडखळली म्हणून इतरांपुढेही अडखळेलच, असे नव्हते.

खरी परीक्षा फार दूर नव्हती. ३१ ऑगस्ट २०२४ ला फ्रेस्नो स्टेटविरुद्ध हंगाम सुरू होणार होता आणि ७ सप्टेंबरला टेक्सासचा संघ ॲन आर्बरच्या एक लाखाहून अधिक आसनक्षमतेच्या मैदानावर उतरणार होता. त्यानंतर यूएससी, ओरेगॉन आणि शेवटी कोलंबसमध्ये ओहायो स्टेट. सलग तीन वर्षे मिशिगनकडून हरलेल्या ओहायो स्टेटने अन्य संघांतील क्वार्टरबॅक विल हॉवर्ड व सेफ्टी केलेब डाउन्स यांना आपल्याकडे ओढून पुनरागमनाची तयारी केली होती. भरतीच्या नियमभंगाबद्दल एनसीएएने एप्रिल २०२४ मध्ये मिशिगनला तीन वर्षांच्या देखरेखीखाली ठेवले होते आणि प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या आरोपाची चौकशी तेव्हा बाकी होती.

२०२४ मध्ये अंतिम फेऱ्यांसाठीच्या संघांची संख्या चारवरून बारा होत असल्याने एक-दोन पराभवांनी हंगाम संपणार नव्हता. हा बदल मिशिगनसारख्या घडणीतल्या संघाला उपकारक ठरू शकणार होता. त्याचा बचाव बहुतेक सामन्यांत संघाला झुंजत ठेवेल, अशी अपेक्षा होती. सामने जिंकायचे, तर क्वार्टरबॅकची निवड आणि पुढच्या फळीची घडी या दोन गोष्टी सप्टेंबरपूर्वी बसाव्या लागणार होत्या. वसंत ऋतूने त्यांपैकी एकाचेही निश्चित उत्तर दिलेले नव्हते.