गाडीचा अर्थ

संपादकांचे पत्र आले, 'यंदा दिवाळी अंकासाठी प्रकाशावर काही लिहा.' वर्षभर हे सदर मुकाट्याने छापणाऱ्या माणसाचा शब्द मोडवत नाही. पण प्रकाश म्हटला की पणत्या आल्या, आकाशकंदील आले, आणि त्यांच्यावर माझ्यापेक्षा बऱ्या लेखणीची माणसे आधीच लिहून गेली आहेत. तेव्हा मी आपला आमच्या दादाच्या पिकअपच्या मागच्या उजव्या दिव्यावर लिहितो. वाचकांनी खुशाल हसावे. मीही हसतच होतो, भोकर फाट्यापर्यंत.

ही पिकअप २००४ सालची, दादाने तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिने सोयाबीन वाहिले, हळद वाहिली, शेळ्या वाहिल्या आणि लग्नसराईत वऱ्हाडेही वाहिली. इंजिन अजून दणकट आहे. पण दिव्यांच्या बाबतीत तिचा स्वभाव लहरी. पार्किंगचा उजवा दिवा कधी लागे, कधी नाही. बाजारातल्या एका कारागिराने तीनदा बल्ब बदलला आणि एकदा होल्डरही बदलला. नवा बल्ब चार दिवस नांदे आणि पुन्हा रुसे. दादा म्हणे, "चालायचंच. जुनी गाडी आहे." मी मराठीचा प्राध्यापक, माझ्या मताला घरात किंमत नाही आणि मोटारीच्या बाबतीत ती असूही नये.

आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नांदेडला झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला काळा चष्मा लावून आम्ही दोघा भावांच्या मध्ये बसवले आणि निघालो. नांदेड ते भोकर रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या तेव्हा अंधार झाला होता. फाटा ओलांडल्यावर पुढे उसाची ट्रॉली अचानक दिसली; तिला मागे दिवा नावालाही नव्हता. दादाने करकचून ब्रेक दाबला. त्याच क्षणी आमच्या मागून टायरांचा असा आवाज आला की आईने माझा दंड धरला. मागचा ट्रक आमच्या हौद्याला हातभर अंतरावरून चाटून बाजूला गेला. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "अहो, ब्रेक मारता का वळता? एकीकडचा दिवाच विझतो तुमचा!"

"काय झालं रे?" आईने विचारले.

"काय नाही, गतिरोधक होता," दादा म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही.

वसुबारसेच्या दिवशी मी चाचांना घेऊन आलो. चाचा म्हणजे एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. त्यांचे वडील निजामाच्या बसखात्यात होते. ते खाते १९३२ साली रेल्वेचाच एक विभाग म्हणून सुरू झाले. त्यामुळे गाड्यांचा अंधार चाचांच्या घराण्यात दोन पिढ्या मुरलेला आहे. आल्याबरोबर त्यांनी बल्ब मागितला नाही की पाना मागितला नाही. मला गाडीमागे उभे केले, दादाला आत बसवले, आणि म्हणाले, "सर, पार्किंग लगाओ बोलो, फिर ब्रेक. तुम्ही फक्त बघा आणि सांगा."

पार्किंग लावले तेव्हा उजवा दिवा मिणमिणला. ब्रेक दाबला तर तो विझला आणि शेजारचा पिवळा इंडिकेटर अंधुक पेटला, मिचकावल्यावाचून. डावीकडचे दिवे लागले, जरा मंद. पण काचेवर वीतभर चिखल होता, तो दादाने फडक्याने पुसून काढला. मी पाहिलेले सगळे चाचांना सांगितले. ते हसले.

"बल्ब बेचारा क्या करींगा? इसकू अर्थच नाही मिलरा."

मी दचकलो. आयुष्यभर फळ्यावर 'अर्थ' लिहीत आलो. पण मोटारीलाही अर्थ लागतो आणि तो न मिळाल्यास ती असंबद्ध बोलू लागते, हे मला कोणी शिकवले नव्हते.

चाचांचा अर्थ म्हणजे परतीची वाट. बॅटरीतून वीज तारेने दिव्यापर्यंत जाते हे आपण सारे जाणतो. पण तिला परत बॅटरीत यावेही लागते, नाही तर दिवा लागत नाही. घरात त्यासाठी दुसरी तार असते. मोटारीत तो खर्च वाचवलेला असतो. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची तार. ही काटकसर मोटारीच्याही आधीची आहे. १८३८ साली श्टाइनहाइल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की तारायंत्राला परतीची तार टाकण्याची गरज नाही, ते काम जमीन करते. 'अर्थ' हा शब्द तिथून आला असावा असे मला वाटते. पिकअप रबरी चाकांवर उभी, तिचा जमिनीशी संबंध नाही. तरी शब्द चिकटला तो चिकटलाच.

मागच्या दिव्याच्या एका डबीत पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर, तिघांची परतीची वाट एकच असते. ती बंद पडली की वीज शेजाऱ्याच्या घरातून वाट काढते. पार्किंगची वीज ब्रेकच्या तारेतून उलटी निघून डावीकडच्या दिव्याकडे जाते, म्हणून मिणमिण. ब्रेक दाबला की तीही वाट तुंबते. मग दोघांची वीज मिळून इंडिकेटरमधून पळते. ट्रकवाल्याला आम्ही वळतोय असे वाटले त्यात त्याची चूक नव्हती. भलता दिवा अंधुक पेटला की बल्ब नव्हे, अर्थ पाहावा, हे चाचांचे पहिले सूत्र.

मग परीक्षा. एका तारेला बल्ब जोडून केलेला टेस्ट लॅम्प त्यांनी होल्डरच्या टोकाला लावला, तो लखलखला. म्हणजे वीज येत होती. नंतर बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब तार ओढून दिव्याच्या पत्र्याला टेकवली, आणि काय सांगू, उजवा दिवा असा पेटला की दारातले कुत्रे उठून उभे राहिले. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही तीन बल्ब फेकले होते!

डबीतली काळी तार धरून चाचा हौद्याखाली सरकले. मडगार्डजवळ ती एका स्क्रूने सांगाड्याला जोडली होती. स्क्रू काढला तर खाली गंज, आणि गंजाखाली निळा रंग. गेल्या दसऱ्याला दादाने हौदा रंगवला होता. हौसेने, दोन हात. रंगातून वीज जात नाही. चाचांनी पॉलिश पेपरने पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत घासला, तारेला नवे गोल टर्मिनल दाबून बसवले, स्क्रू आवळला आणि वरून ग्रीस माखले.

फ्यूजची डबी उघडल्यावर मात्र चाचांचा चेहरा बदलला. निळ्या, म्हणजे १५ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. "ये किसने किया?" दादा खाली पाहू लागला. चाचा मराठीत आले. "फ्यूज मरायसाठीच ठेवलेला असतो. तो मेला नाही तर वायर जळते, मग गाडी. आईला घेऊन फिरता ना हिच्यात?" दादाला असे बोललेले मी त्याआधी फक्त आमच्या वडिलांना ऐकले होते. तो उठला, बाजारात गेला आणि वेगवेगळ्या फ्यूजची एक अख्खी पुडी घेऊन आला.

पुढचे दिवेही पिवळे पडले होते. इंजिन चालू ठेवून मीटर लावला तर बॅटरीपाशी १४ व्होल्ट आणि दिव्यापाशी १२ला कमी. तारेच्या बल्बचे गणित क्रूर आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. तिथेही अर्थच गंजला होता. दिवा बंद असताना मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून दिवा पेटता ठेवूनच मोजावे, असे चाचांनी मला दोनदा बजावले. (मी वर्गात एवढे दोनदा सांगतो, तरी उत्तरपत्रिका तशाच येतात.)

तिन्हीसांजेला गाय-वासराची पूजा झाली. दादाला रात्री सोयाबीन घेऊन नांदेडला निघायचे होते. त्याने गाडी भिंतीकडे पाठ करून लावली आणि ब्रेक दाबला. भिंत लाल झाली. चाचा चहा घेत होते, मी "झकास!" म्हणालो. ओट्यावर बसलेल्या आईने काळा चष्मा हळूच वर केला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बराच वेळ भिंतीकडे पाहिले.

"डावीकडचा मंद आहे रे," ती म्हणाली.

"काचेवर चिखल होता, आई. पुसलाय मी," दादा म्हणाला.

"पुसला असशील. मंदच आहे."

चाचांनी कप खाली ठेवला, भिंतीवरचे दोन लाल डाग निरखले, आणि खिशातून पॉलिश पेपर काढीत पुन्हा हौद्याखाली शिरले.