घोळ ओळखण्यातला घोळ

पावसाळ्यात शाळेच्या नळापाशी किंवा नुकत्याच खणलेल्या वाफ्यात, जमिनीलगत पसरणारी तांबूस खोडाची एक वनस्पती आपोआप उगवते. ती घोळ. लिनीअसने १७५३ मध्ये तिला ‘पोर्तुलाका ओलेरेसिया’ हे नाव दिले. त्यातील ओलेरेसिया म्हणजे भाजीची. ‘घोळ कोणाला ओळखता येत नाही?’ असे तुम्ही म्हणाल. पण मुलांनी घोळ म्हणून आणलेल्या जुडीत नायटी निघालेली मी पाहिली आहे.

नायटीही जमिनीवर पसरते, तिचेही खोड तांबूस असते. मात्र ते मोडताच पांढरा चीक येतो आणि तो त्वचेला व डोळ्यांना दाहक असतो. घोळीचा रस पाण्यासारखा असतो. म्हणून ‘चीक नाही, म्हणजे घोळ’ असे ठरवून मोकळे होऊ नका. विषखापऱ्यालाही चीक नसतो! त्याची पाने समोरासमोर, जोडीतील एक मोठे तर एक लहान; फूल पांढरे किंवा गुलाबी. घोळीची पाने मांसल, गुळगुळीत, टोकाकडे रुंद, शेंड्याशी झुबक्याने आलेली, फूल पिवळे. फळ पिकले की डबीचे झाकण निघावे तसा त्याचा वरचा भाग सुटतो आणि आत बारीक काळे बी दिसते. भिंगातून हे झाकण जरूर पाहा. चव घेऊन मात्र कोणतीही रानभाजी ओळखू नये. आणि ओळख पटली तरी गटाराकाठची किंवा तणनाशक मारलेली घोळ घरी नेऊ नये.

आता माझी तक्रार. आपल्याकडे वनस्पतिसंग्रहाला गुण मिळतात ते बहुधा नीटनेटक्या चिकटवण्याला. घोळ तर दाबून लवकर वाळतही नाही. उपटून टाकली तरी ओल मिळताच ती पुन्हा मूळ धरते. वाळलीच, तर मांसलपणा गेला, रस गेला, फूलही मिटले. कागदावर उरतो तपकिरी डाग आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात नाव! माझ्या मते गुण द्यावेत ते ‘ही घोळच कशावरून?’ या प्रश्नाच्या उत्तराला, आणि तेही वनस्पती मातीत जिवंत असताना. किमान तीन खुणा दाखवल्याशिवाय नाव लिहू देऊ नये.

अभ्यासक्रम पुरा करताना शिक्षकांना वेळ मिळत नाही, हे खरे. पण यासाठी सहल काढावी लागत नाही, नळापर्यंत गेले तरी पुरते. फक्त दुपारचा तास उपयोगाचा नाही. घोळीचे फूल सकाळच्या उन्हात थोडे तासच उघडते.